थडग्यावरची बरणी

बातमी आली तो शनिवार होता. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाचा डबा आणि काड्यापेटी यांच्या मधे, माझ्या नेहमीच्या जागी उभी होते.

मी एक काचेची बरणी. तोंड रुंद, पोट गोल, आणि तेव्हा डोक्यावर हिरवं झाकण होतं.

फुआतिनो खोवणीवर बसून नारळ खोवत होती. तिची सून ओफेइरा अळूची कोवळी पानं पुसून एकावर एक रचत होती. रविवारचं जेवण शनिवारीच निम्मं झालेलं असावं लागतं. फुआतिनोचा नवरा लाफाएले बाहेर भट्टीचे दगड निवडत होता, आणि सहा वर्षांची नात सुलामी त्यातलाच एक दगड बाहुली म्हणून उचलून पळाली होती. तेवढ्यात आवारातल्या पांढऱ्या खड्यांवरून पाद्रीबाबा चालत आले.

"काय हो पाद्रीबाबा," लाफाएले हसून म्हणाला, "शनिवारीच पांढरा शर्ट? उद्याचं प्रवचन आजच उरकताय की काय?"

पाद्रीबाबा हसले नाहीत. खोवणीवरचा हात थांबला. फुआतिनो त्या शर्टाकडेच पाहत होती. शनिवारी पांढरा शर्ट घालून पाद्री कोणाच्या घरी येतो, तो एकाच कारणासाठी.

"फालानिको?" तिने आपल्या लेकाचं नाव घेतलं.

"फालानिको," पाद्रीबाबा म्हणाले. "तिकडे न्यूझीलंडला, सफरचंदांच्या बागेत. ट्रॅक्टर उलटला. फोन माझ्याकडे आला."

माझ्या पोटात तेव्हा चार वड्या उरल्या होत्या.

त्या वड्यांचं सांगायला हवं, म्हणजे थोडं मागे जायला हवं. मी मूळची न्यूझीलंडची. काच होण्याआधी मी वाळू होते म्हणे, पण ते मला आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला अंधार आणि पोटातलं थंडगार मेयोनीज. फालानिको आणि ओफेइराच्या लग्नात बटाट्याच्या सॅलडसाठी मला गावातल्या दुकानातून आणलं. लग्न झालं, सॅलड संपलं, माझ्याबरोबरच्या बरण्या कुठे कुठे गेल्या. मला मात्र फुआतिनोने राखेने घासून उन्हात उपडं घातलं. "हिचं झाकण चांगलं घट्ट आहे," ती म्हणाली. या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं मानाने जगले.

फळीवरून मला पुष्कळ दिसायचं. संडासाकडून आलेलं झुरळ मिशा हलवत बिस्किटांवरून कसं फिरतं, ते मी पाहिलं आहे. माशी आधी डुकरांच्या आवारात बसते, मग पाय न पुसता माशाच्या तुकड्यावर बसते, तेही पाहिलं आहे. उंदीर काय कुरतडतो हे माणसांना कळतं, तो काय मागे ठेवून जातो हे कळत नाही. एकदा घरातल्या सगळ्यांचीच पोटं बिघडली, तेव्हा लाफाएलेने खापर खेकड्यावर फोडलं. खेकडा बिचारा निर्दोष होता. मला नावानिशी सांगता आलं असतं, पण बरणीला कोण विचारतं?

फुआतिनोला मात्र न सांगता कळायचं. गावातल्या बायकांच्या समितीची ती चिटणीस. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी समिती घरोघर पाहणीला निघते. सगळ्या जणी जांभळ्या कपड्यांत, सगळ्यांत पुढे सालाफाई, गळ्यात शिट्टी अडकवून. सालाफाई समितीची मुख्य. तिच्या शिट्टीला डुकरंसुद्धा दबकतात.

"ए बाई, ही करवंटी सासूची आठवण म्हणून जपून ठेवलीयेस का?"

"आत्ताच पडली हो ती!"

"आत्ताच पडली आणि आत्ताच तिच्यात पाणी भरलं आणि आत्ताच त्यात डास झाले? फुआतिनो, लिहून घे हिचं नाव."

आणि फुआतिनो लिहून घ्यायची. महिनाअखेरीच्या बैठकीत ती नावं सगळ्यांसमोर वाचली जातात. तेवढीच शिक्षा, पण पुरेशी. साचलेल्या पाण्यात डासांची वळवळणारी पिल्लं कशी ओळखायची, हे गावातल्या प्रत्येक पोरीसोरीला फुआतिनोने शिकवलं होतं.

फालानिको दरवर्षीसारखा सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला जायला निघाला, तेव्हा त्याने स्वतः कोको केला. बिया भाजल्या, गरम असतानाच सोलल्या, उखळात कुटून कुटून त्याचा लगदा केला आणि लिंबाएवढ्या वड्या पाडल्या. त्या थिजल्यावर माझ्यात भरल्या.

"अठ्ठावीस आहेत, आई," तो म्हणाला. "दर रविवारी एक उकळ. बरणी रिकामी झाली की मी दारात."

"आणि पाहुणे आले, दोन लागल्या तर?"

"तर मी लवकर येईन."

ती हसली. पण पुढच्या चोवीस आठवड्यांत तिने कोणत्याही रविवारी दुसरी वडी काढली नाही. दर शनिवारी सुलामी माझ्या काचेला नाक लावून वड्या मोजायची. मी त्या घराचं कॅलेंडर झाले होते.

शेवटच्या चार वड्या राहिल्या, आणि पाद्रीबाबा आले.

फालानिको पेटीतून आला. आधी विमानाने, मग बोटीने. गावाच्या टोकाला, समुद्राला लागून, गोड्या पाण्याचा झरा आहे. तो पोहायला शिकला तो तिथेच. पेटी यायच्या दिवशी सकाळी फुआतिनो बादली घेऊन झऱ्यावर गेली. लेकाचं तोंड त्या पाण्याने पुसायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पेटी बंद होती. उघडायची नाही, असं कागदावर लिहिलेलं होतं. लाफाएलेने तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि बायकोला म्हणाला, "नको."

आमच्या या बेटावर घरातलं माणूस घरासमोरच पुरतात. फालानिकोचं थडगं आवाराच्या मधोमध झालं, भोवती पांढरे खडे, कडेने काळे दगड. सगळी माणसं परत गेल्यावर फुआतिनो स्वयंपाकघरात आली. तिने मला खाली काढलं. चार वड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. मला बाहेर नेऊन थडग्याच्या उशाशी उभं केलं आणि ते बादलीतलं, न वापरलेलं पाणी माझ्यात ओतलं. मग चाफ्याच्या दोन फांद्या आणि एक लाल जास्वंद.

झाकण फळीवरच राहिलं.

फुलं ती रोज बदलायची. पाणी मात्र कधीच बदललं नाही. उन्हाने ते कमी व्हायचं तेव्हा झऱ्यावरून तांब्याभर आणून वर भर घालायची. म्हणजे तळाशी पहिलं पाणी राहायचं. हे तिने कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, म्हणजे थडग्याला सांगितलं, मी तिथे होते.

थडग्यावर राहणं वाईट नसतं. लोकांना वाटतं तसं ते शांतही नसतं. ओफेइरा तिथेच बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची. लाफाएले दुपारचा आडवा व्हायचा. सुलामी शाळा मांडायची आणि खड्यांना ओळीने बसवून दमात घ्यायची. बापाशी बोलायचीही.

"बाबा, आज मला वाचनात सगळ्यांत जास्त गुण. सालाफाईच्या नातवाला काहीच येत नाही. तो रडला. मी हसले नाही. थोडीशीच हसले."

अशाच एका दिवशी माझ्या काठावर ती आली. एवढीशी, काळी, पायांवर पांढरे पट्टे. मला वाटलं पाणी प्यायला आली असेल. पाण्याच्या जरा वर, माझ्या आतल्या अंगाला, तिने मिरीची पूड चिकटवावी तसे काळे ठिपके लावले आणि उडून गेली. पुढे पाऊस पडला, पाणी चढलं, ठिपके भिजले आणि त्यातून वळवळणारे जीव निघाले. वर यायचे, श्वास घ्यायचे, आकडा टाकत खाली जायचे. दिवसभर वर-खाली, वर-खाली.

खरं सांगते, मला बरं वाटलं. पोटातल्या वड्या गेल्यापासून मी रिकामी रिकामी होते. वाटलं, कोणीतरी राहायला आलं. आठवड्याभरात त्यांच्या तिच्यासारख्याच पट्टेवाल्या व्हायच्या, पाण्यावर उभ्या राहायच्या, पंख वाळवायच्या आणि उडून जायच्या. मी प्रत्येकीला मनातल्या मनात निरोप दिला. त्या कुठे जातात, कोणाकडे जेवतात, हे विचारलं नाही.

पहिल्यांदा पाहिलं ते सुलामीने.

"आजी! बाबांच्या बरणीत मासे झालेत. बारीक बारीक!"

फुआतिनो घरात चटई झाडत होती. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं. "हो का गं? बरं झालं. बाबांना सोबत झाली."

ती बघायला आली नाही. आली असती तर एका नजरेत ओळखलं असतं.

आणि पाहणी? पाहणी दर महिन्याला यायची. आमच्या आवारात शिट्टी वाजायची, टायर नाही, करवंटी नाही, डबा नाही. "बघा, शिका हिच्याकडून," सालाफाई बाकीच्यांना म्हणायची. थडग्याजवळ आल्यावर मात्र सगळ्यांचे आवाज उतरायचे. कोणी मान लववायची, कोणी क्षणभर थांबायची, आणि पुढे जायची. थडगं पाहणीत धरत नाहीत. ते घरातल्या माणसाचं अंथरूण. दुसऱ्याच्या अंथरुणाला कोण हात लावणार? फुआतिनो वहीत आपल्या घरापुढे लिहायची: आवार स्वच्छ.

मला ओरडावंसं वाटायचं. पण काच फुटल्याशिवाय आवाज करत नाही.

मग मुलांचा रविवार आला. त्या दिवशी सगळी मुलं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये वचनं म्हणतात आणि जेवायला आधी मुलं, मग मोठे. फुआतिनोचा धाकटा भाऊ राजधानीतून, आपियाहून बोटीने आला. तिथे तो टॅक्सी चालवतो. उतरला तोच कण्हत.

"अंगातलं हाडन् हाड दुखतंय, दाजी. डोळ्यांच्या मागे कोणी खिळे ठोकतंय."

"तुला ताप नाही," लाफाएले म्हणाला. "तुला चर्चचा कंटाळा. लहानपणापासून आहे."

"आपियात निम्म्या लोकांना झालाय हा."

"निम्म्या लोकांना चर्चचा कंटाळा? तरीच."

तो दोन दिवस समोरच्या, भिंती नसलेल्या मोकळ्या घरात, थडग्यापासून दहा पावलांवर, भरदिवसा चटईवर पडून होता. मच्छरदाणी गुंडाळून वर बांधलेली. ती रात्री सोडायची असते ना! पण माझ्याकडचे पाहुणे रात्री जेवत नाहीत. त्यांची वेळ सकाळची, आणि ऊन कललं की संध्याकाळची. मी पाहत होते. एक त्याच्या घोट्यावर बसली, एक कोपरावर. भावाला बरं वाटलं, तो परत गेला. त्याचा ताप मात्र सगळा गेला नव्हता. थोडा कोणाच्या तरी पोटात इथेच राहिला होता.

दोनेक आठवड्यांनी सुलामी शाळा मांडायला आली आणि खड्यांना ओरडलीच नाही. थडग्यावर गाल टेकवून पडून राहिली.

"दगड गार लागतोय," ती म्हणाली.

तापाने पोर भाजून निघाली होती. पाच दिवस ताप. ओफेइरा ओली फडकी ठेवत होती, फुआतिनो शहाळ्याचं पाणी चमच्याने पाजत होती. शेजारची म्हातारी तेल चोळून गेली. सहाव्या दिवशी सकाळी ताप उतरला. सगळ्या घराने श्वास सोडला. लाफाएलेने मोठ्याने प्रार्थना म्हटली, इतक्या मोठ्याने की शेजारचा कोंबडा उडाला.

"चला, सुटली," फुआतिनो म्हणाली. "आता थोडा उकडलेला निरफणस भरवते."

सुलामीने एक घास घेतला आणि ओकली. पोट धरून मुटकुळं करून पडली. हातपाय गार. ओफेइराने तिचं तोंड पुसलं, फडक्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज बदलला.

"आई. हिच्या दातांना रक्त आहे."

पुढचं मला दिसलं नाही. दुकानदाराची गाडी आवारात आली, पांढरे खडे उडाले, गाडी गेली. चाकाखाली सुलामीची दगडाची बाहुली आली. फुटली नाही, खड्यांत रुतली.

दुसऱ्या दिवशी फुआतिनो कपडे न्यायला घरी आली, तेव्हा तिच्याबरोबर रुग्णालयातली नर्स होती. दुसऱ्या गावची, तरुण, पायांत रबरी बूट. जिथून असा रुग्ण येतो त्या घराची जागा बघायची, हे तिचं काम. लाफाएले थडग्यावर बसून होता.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"सलाईन लावलंय," फुआतिनो म्हणाली. "रक्तातलं काहीतरी कमी होतंय म्हणतात."

"पण ताप तर उतरला होता!"

"या तापात ताप उतरल्यावरच जास्त जपावं लागतं, बाबा," नर्स म्हणाली. "आज आणि उद्या. एवढे दोन दिवस गेले की मग बघू."

तिने आवार पाहिलं. घराच्या मागे गेली, टाकीवरची जाळी दाबून पाहिली, केळीखाली वाकली. तिला काही सापडत नव्हतं. मग ती माझ्यासमोर आली. ऊन माझ्या आरपार पडलं होतं. ती उकिडवी बसली.

"ही बरणी कोणाची?"

"माझ्या मुलाची," फुआतिनो म्हणाली.

"पाणी कधी बदललंत?"

"बदलत नाही. भर घालते."

"ओतायला लागेल, आई."

"फुलं टाका. पाणी नाही ओतायचं."

नर्सने हट्ट केला नाही. मला हातही लावला नाही. "इथे बसा माझ्याजवळ," ती म्हणाली. "आणि माझ्या बोटाकडे बघा."

फुआतिनोने केसांत खोचलेला चष्मा काढून डोळ्यांना लावला. इतके महिने ती माझ्याकडे येत होती, पण दर वेळी फुलांकडे पाहत होती. त्या दिवशी तिने पहिल्यांदा आत पाहिलं.

वर-खाली. वर-खाली.

तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्या गावाला तिनेच सांगितलं होतं.

"सुलामी म्हणाली होती," ती शेवटी म्हणाली. "मासे झालेत म्हणून."

लाफाएलेने मान फिरवली.

"सुलामीला हिच्यातलाच डास चावला का?" फुआतिनोने विचारलं.

"तसं मी शपथेवर नाही सांगू शकत," नर्स म्हणाली. "पण हा डास लांब जात नाही, आई. त्याला चर्चपर्यंत उडायचाही कंटाळा. आणि तुमच्या आवारात मला दुसरं कुठे पाणीच दिसलं नाही. आवार फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही."

चांगल्या मनाने बोलली बिचारी.

फुआतिनोने फुलं काढून थडग्यावर ठेवली. मला दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी धरलं. "फालानिको," ती म्हणाली, जणू तो शेजारच्या खोलीत आहे, "बाळा, पाणी ओततेय. तुझ्या पोरीसाठी." आणि कडेच्या काळ्या दगडांवर मला उपडं केलं.

दगड तापलेले होते. झऱ्याचं पाणी पसरलं, चमकलं आणि बघता बघता सुकलं. माझे पाहुणे थोडा वेळ वळवळले. मग थांबले.

"एवढ्याने नाही भागायचं," नर्सने माझ्या आतल्या अंगावर नख टेकवलं. "हे ठिपके दिसतात? अंडी आहेत. कोरडी कित्येक महिने तशीच राहतात, आणि पुन्हा पाणी घातलं की जागी होतात. घासून काढायला हवीत."

फुआतिनोने नारळाचा काथ्या आणला आणि मांडी घालून बसली. कोणी बरणी घासतं तशी ती मला घासत नव्हती. हळूहळू, वरून खाली, आंघोळीला कंटाळलेल्या पोराच्या कानामागे बोट फिरवावं तसं काठाखाली, मग पुन्हा वरून. ठिपके केव्हाच निघाले होते. ती घासत राहिली. नर्स बूट वाजू न देता बाजूला झाली आणि लाफाएलेने तिला शहाळं फोडून दिलं.

कपडे घेऊन फुआतिनो रुग्णालयात परत गेली. मी दोन दिवस थडग्यावर उपडी होते. माझ्याशेजारी लाफाएलेने त्याचा मोबाइल ठेवला होता. तो जेवायलाही उठत नव्हता. शेजारची म्हातारी ताट तिथेच आणून ठेवायची, कोंबड्या खायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. त्याने तो आधी उलटा धरला.

"हॅलो? ओफेइरा? मोठ्याने बोल गं! काय मागितलं?... भात? कशाबरोबर?"

तिकडून ओफेइरा हसत होती की रडत होती, मला नक्की कळलं नाही.

"बाबा, तिने भात मागितला. आणि नर्सबाईंना विचारलं, तुमची शिट्टी कुठेय म्हणून."

लाफाएलेने फोन खाली ठेवला. थडग्याच्या दगडावर तळहाताने दोनदा थोपटलं. मग ताटातलं कोंबड्यांनी जे ठेवलं होतं ते जेवला.

महिनाअखेरीच्या बैठकीला फुआतिनो मला मांडीवर घेऊन बसली होती. आजूबाजूच्या जणी माझ्याकडे पाहत होत्या, विचारत नव्हत्या. सालाफाईने शिट्टी वाजवली. "वाच, चिटणीसबाई."

फुआतिनोने वही उघडली. "डोंगराकडचं शेवटचं घर, दोन करवंट्या. दुकानामागचं घर, एक टायर." तिने पान उलटलं. "फुआतिनो, लाफाएलेची बायको. मुलाच्या थडग्यावर एक बरणी. पाणी सहा महिन्यांहून जुनं. त्यात डास."

पंख्याने वारा घेणारे हात थांबले.

"ते नाव खोड," सालाफाई म्हणाली.

"का?"

"अगं, थडगं आहे ते!"

"माझ्या जागी दुसरी असती, तिच्याकडे करवंटी असती, तर तू काय म्हणाली असतीस?"

"करवंटी वेगळी."

"पाणी तेच, सालाफाई. माझी नात जात होती."

सालाफाईने शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. एवढी मोठी बाई, पण आवाज अगदी लहान निघाला. "माझ्या आईच्या थडग्यावर दोन आहेत. पितळेच्या. चांगल्या खोल."

"आमच्याकडे तीन," मागून कोणीतरी म्हणालं.

"आमच्या नवऱ्याच्या पायाशी बादलीच आहे. त्याला फुलं जास्त लागायची."

"सालाफाई, तुझी आई आज असती ना, तर पहिलं नाव तुझंच लिहिलं असतं तिने!"

आणि मग हसू फुटलं. आधी एकीला, मग सगळ्यांना. सालाफाई डोळे पुसत हसत होती. फुआतिनोही हसली, मला घट्ट धरून. हसता हसता तिने माझ्या काठावर कपाळ टेकवलं तेव्हा शेजारच्या बाईने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळी समिती पुन्हा निघाली. शिट्टी न वाजवता. एकेका थडग्यापाशी घरचं माणूस पुढे व्हायचं, आत गेलेल्याला नावाने हाक मारून सांगायचं, आणि मगच पाणी ओतायचं. काही ठिकाणी एवढंच सांगायला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

आता माझ्यात ओली वाळू आहे. सुलामी आणि लाफाएले किनाऱ्यावरून पाटीभर घेऊन आले. फुलं वाळूत उभी राहतात. पाण्यात राहायची त्याहून एक दिवस कमी टिकतात, इतकंच. काच होण्याआधी मी वाळू होते म्हणे, म्हणून की काय, हे मला परकं वाटत नाही. पांढऱ्या पट्ट्यांची एक अजूनही कधीतरी काठावर येते, आत डोकावते, आणि जाते. मी तिला काही म्हणत नाही. तिलाही कुठेतरी पिल्लं वाढवायचीच आहेत.

तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेल. फुलदाणी असेल, कुंडीखालची ताटली असेल, कोणाच्या आठवणीचा पेला असेल. आठवण ठेवा. पाणी तेवढं ओता, आणि आतून हात फिरवा. तिलाही बरं वाटेल.

सुलामी पुन्हा खड्यांची शाळा घेते, पूर्वीपेक्षा कडक. हाताला सलाईनची खूण होती ती पुसट झाली आहे. रुग्णालयात आजीने तिला एक कबूल केलं होतं: बरी होऊन घरी ये, मग तुझ्या बाबाचा कोको करीन. सुलामी विसरलेली नाही. दर शनिवारी ती माझ्याशेजारी येऊन बसते आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडते.

"आजी, उद्या बाबांचा कोको?"

खोवणीवरचा आवाज थांबतो.

"उद्या बघू," आजी म्हणते, आणि खोवणी पुन्हा सुरू होते.

पत्र्याचा डबा फळीवर आहे, माझ्या झाकणाशेजारी. त्यात चार वड्या आहेत. त्या अजून उकळलेल्या नाहीत.